सभेतलं रानफूल

७ सप्टें., उमापूर
आज बाजारतळावर मामांची, म्हणजे सासऱ्यांची, प्रचारसभा. मला स्टेजवर बसवलं. मामा माईकवर म्हणले, "ऊसतोड्याची लेक सून करून आणली. रानफूल अंगणात लावलं." टाळ्या. खाली माझ्या माहेरची, चकलांब्याची माणसं. माय पदरानं डोळे पुसत होती. मला पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

९ सप्टें.
नणंदेनं लग्नाचा फोटो मोबाईलवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचं रानफूल'. माझं नाव न्हाई. आमच्यात हा शब्द कुणी वापरत न्हाई. आमी तरवड म्हणतो, कुर्डू म्हणतो. नाव ठाऊक नसलं की रानफूल म्हणत असतील.

१८ सप्टें.
मामा निवडून आले. गुलाल, जेवणावळी. वाढायला गेले तर सासूनं, म्हणजे आत्यांनी, हातातलं पातेलं काढून घेतलं. "तू आत जा." रात्री यांना विचारलं, का म्हणून? म्हणले, "निवडणूक झाली ना आता." आणि झोपले.

घटस्थापना
बांधावरून तरवडाची फुलं आणली, माळ ओवली. आत्यांनी ती घेऊन नणंदेच्या हातानं घटावर सोडली. मी उंबऱ्याबाहेर.

दसऱ्यानंतर, सोमवार
मला दिवस गेलेत हे कळलं म्हणून बाप भेटायला आला. शेंगा आणल्या. मामांनी ओट्यावरच बसवलं, "हितं हवा लागती." आतल्यांना कपबशी, बापाला कागदी कप. चहा पिऊन त्यानं कप चुरगाळून खिशात घातला. "घाण कशाला." माझ्याकडं बघितलं न्हाई.
तो गेल्यावर आत्या म्हणल्या, "रानफूल सभेत म्हणायचं असतंय. शेतात उगवलं की ते तणच. खुरपून टाकायचं."

गुरुवार
आत्या भाजी निवडत होत्या. आवाज चढवला न्हाई. "लेकरू आमचं हाय. त्याचं अंगावरचं दूध तुटलं की तू मायकडं जा. तुझ्या नवऱ्याला दुसरी बघितलीय." हे तिथंच बसले होते. मोबाईल बघत.

शनिवार
मायचा फोन. उद्या ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघतीय. सगळं सांगितलं. मग म्हणली, "फडात हाल हायेत. उसाच्या पाचटावर निजावं लागंल, पोटुशी हायेस. तू बी तिथंच झालीस. मेली न्हाईस." मागून बाप म्हणला, "तिला म्हणावं, गाडी फाट्यावर थांबवतो."
माय म्हणली, "येतीस का?"
मी एका हातानं पिशवीत साड्या भरायला लागले. फोन ठेवला न्हाई.