बंद केलेल्या नोंदी

रत्नागिरी, १२ डिसेंबर २००५

किळस आली आज. शेजारच्या शेवंतीवहिनींचा मदतीचा अर्ज भरायला कचेरीत गेलो. नवरा होडीसकट समुद्रात नाहीसा झाला, प्रेतही मिळालं नाही. संगणक मृत्यूची तारीख मागतो. ती जागा रिकामी ठेवली की अर्ज नाकारतो.

"कुठलीही घाला हो," साहेब म्हणाले.

"म्हणजे मीच मारू त्यांना?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, नाकारल्याची नोंद तरी डेटाबेसमध्ये राहील, ती बघून कुणी सुधारणा करील. साहेब हसले.

"त्या नोंदी बंद केल्यात, भाऊ. चुका दिसल्या की वरून विचारणा होते."

वा! चूकच नाही, म्हणजे अर्ज नाही, वहिनीही नाहीत. आणि तारीख? ती कुठून आणायची?

रविवारी याच साहेबांचा बिनचूक कारभाराबद्दल सत्कार, मुख्य वक्ता मी. जाणार. वहिनींना घेऊन जाणार.