एकट्याच्या सहीचा अधिकार

३ जानेवारी, सकाळी ९
आज सूत्रं हातात घेतली. नगरपालिकेच्या निवृत्त कामगारांच्या पेन्शनचे पैसे गुंतवणारं मंडळ, अध्यक्ष मी! नाक्यावरचे लोक म्हणतात, साडू मंत्री झाला म्हणून याला खुर्ची मिळाली. म्हणोत. बावीस वर्षं पडद्यांचं नि गाद्यांचं दुकान चालवलंय. चिमटीत धरून कापड ओळखतो. कापड कळणाऱ्याला कंपनी कळत नाही होय?
संकल्प: एक, कुणाच्याही दबावाखाली यायचं नाही. दोन, साडूसाहेबांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

३ जानेवारी, दुपारी
केबिनचे पडदे भिकार. स्वतः माप घेतलं. आपल्याच दुकानातून दिले तर लोक बोलतील. बिल बायकोच्या नावाने करावं.

९ जानेवारी
थोरला भाऊ ऑफिसात आला. दादाने चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. चेंबरमध्ये उतरायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, वर यायचं. गुडघे कामातून गेले. ऑपरेशनचा खर्च मंडळच देतं, त्याचा अर्ज मीच लिहून दिला. दादाचे अर्ज कायम मीच लिहितो. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. माझ्या फीसाठी सातवीत शाळा सोडली, मग अक्षर सुधारणार कधी? जूनमध्ये नंबर लागेल. जाताना म्हणाला, तू खुर्चीत आहेस, आता मला घोर नाही. तेल घातलेल्या दारासारखं सुरळीत होईल म्हटलं.

२० जानेवारी
साडूसाहेबांचा फोन. त्यांच्या जावयाच्या मित्राची कंपनी गावाबाहेर बर्फाचं मैदान बांधतेय. छताखाली. लोक बारा महिने बर्फावर घसरणार. मंडळाने पैसा घालावा. साहेबांनी कंपनीचं नाव घेतलं नाही, नुसतं 'ते थंड काम' म्हणाले. लिहूनही काही देत नाहीत. केवढा विनम्र माणूस! श्रेय म्हणून नको.

४ फेब्रुवारी
बैठक. लेखाधिकारी बाई आडव्या आल्या. कंपनीचे तीन वर्षांचे ताळेबंद हवेत म्हणे. अहो, कंपनी सात महिन्यांची. तान्ह्या पोराकडे दहावीची मार्कशीट मागायची का? तसं सुनावलं. बाई खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या.

६ फेब्रुवारी
साडूसाहेबांचा पीए आला. हुशार गृहस्थ. त्याचं म्हणणं, पाच सभासदांच्या सह्यांसाठी फाइल पाच टेबलं फिरते, त्यात देशाचा वेळ जातो. यापुढे अध्यक्षांच्या एकट्याच्या सहीवर पैसे सुटावेत. मला संकोच वाटला. पण सभासदांनी दोन मिनिटांत ठराव मंजूर केला! टाळ्याही वाजवल्या. एकाने तर मिठी मारली. माझ्यावर इतका विश्वास सख्ख्या सासऱ्यानेही टाकला नव्हता.
बाईंनी फाइलवर दोन पानी विरोध नोंदवला. मी खाली शेरा मारला: वाचले. भित्रेपणा. (वाचलं नव्हतं.)
नवीन जाड निबाचं पेन घेतलं.

१५ फेब्रुवारी
जागेची पाहणी. कुंपण आहे. फलक आहे. वॉचमन आहे, सलाम कडक ठोकतो. पाया तपासायला गेलो तर पाया नव्हता. म्हणजे पाया कच्चा असल्याची तक्रार आता कुणी करूच शकत नाही. शीतपेय दिलं, चांगलं गार होतं. परतल्यावर सही केली. एकट्याची. मंडळाचा जवळजवळ निम्मा पैसा एका फटकाऱ्यात गेला.

११ एप्रिल
पहिलं व्याज आलं नाही. बाई दारात उभ्या. मी म्हटलं, बाई, उन्हाळा आहे, बर्फाच्या धंद्याला थोडा श्वास घेऊ द्या. त्यांनी विचारलं, थंडीत बर्फावर पैसे देऊन कोण घसरणार? काही माणसांना प्रगती पाहवतच नाही.

३० एप्रिल
बायको म्हणाली, साडूसाहेबांकडून एक ओळ तरी लेखी घे. मी म्हटलं, नात्यात कागद आणायचा? ती म्हणाली, तिच्या बहिणीने, साडूसाहेबांच्या बायकोने, लग्नाला उसनी नेलेली साखळी परत करतानासुद्धा पावती घेतली होती. बायकांचं मन लहान.

२६ मे, दुपारी ४
पेन्शन अडकली. पुढच्या महिन्यात सुटेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. निवृत्त मंडळी पाण्याच्या बाटल्या घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलीत. घोषणा. पडदे ओढून घेतले. अस्तर भक्कम असल्याने आवाज अर्धाच येतो. निवड माझी.
फटीतून पाहिलं. दादा तिसऱ्या पायरीवर. पाचव्यापर्यंत चढवत नसणार. शिपायाकरवी निरोप धाडला, मागच्या दाराने ये, तुझं बघतो. दादाचं उत्तर: सगळ्यांचं होईल तेव्हा माझं होईल.
हा माणूस जन्मभर असाच. व्यवहार शून्य. राग आला. चहा तसाच ठेवला, साखर कमी होती म्हणून.

९ जून
कामाचा डोंगर. एकशे बारा पत्रांवर सह्या केल्या. वाचायला वेळ कुणाला आहे? मनगट भरून आलं. संकल्प: हाताचा व्यायाम.

१२ जून
ती पत्रं ऑपरेशन रद्द झाल्याची होती. 'निधीअभावी.' एक दादाला गेलं. वहिनीने फोनवर एवढंच विचारलं की सही खरंच तुमची आहे का. मी म्हटलं, रबरी शिक्का असेल. तिने विचारलं, शिक्क्याने कागदाच्या मागे निबाचा वळ उठतो का?

१७ जून
जागेवर गेलो. कुंपण नाही. फलक नाही. वॉचमन होता. त्याला चार महिने पगार नाही. सलाम केला नाही.
साडूसाहेबांना एकवीस फोन. पीए म्हणाला, साहेब बैठकीत. एकविसाव्याला म्हणाला, कोण बोलतंय?
घाबरतो की काय मी! सगळं बाहेर काढीन. नावानिशी.

२१ जून
पेपरात साडूसाहेब: मंडळ स्वायत्त आहे, अध्यक्ष माझे लांबचे नातेवाईक. लांबचे? अहो, दोघांची सासू एक!
फायली मागवल्या. रात्र पडेपर्यंत चाळल्या. साहेबांच्या नावाचा एक चिटोरा नाही. पीएचा नाही. सभासद पानोपानी 'अध्यक्षांच्या सूचनेनुसार.' बाईंचा विरोध दोन पानी, तारखेसह. त्याखाली भित्रेपणा. आणि सही, सही, सही. निब खरंच जाड आहे.
बाईंना म्हटलं, तुम्ही मला अडवायला हवं होतं. त्यांनी फाइल उघडून पान दाखवलं.

२४ जून, सकाळी ७
दादा घरी आला. काठी घेऊन. दोन मजले चढायला किती वेळ लागला ते विचारलं नाही. बसला, पाणी प्यायला. पोलिसांत द्यायची तक्रार आहे, निवृत्तांच्या संघटनेने त्याच्यावर सोपवलीय. आमच्यात तुझ्याइतकं नीट कोण लिहिणार, म्हणाला.
मी म्हटलं, दादा, अरे, तक्रार कुणाविरुद्ध ते तरी माहीत आहे का?
म्हणाला, पैसे कुणी सोडले त्याच्याविरुद्ध. कागदावर नाव असेल ना कुणाचं तरी. तू आत असतोस, तुला माहीत. ते तेवढं तू घाल.
त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तरी अर्ज माझ्याकडेच घेऊन आला.
साडूसाहेबांचं नाव लिहायला पेन टेकवलं. दाखवायला कागद काय आहे माझ्याकडे? नाव खोडलं. दुसरा कागद घेतला. सगळं नीट लिहिलं, चेंबर, गुडघे, एकशे बारा पत्रं. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. दादाने खाली अंगठ्याएवढी, मुंग्यांच्या पळापळीची सही केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदार लागतो म्हणाला.
केली सही. त्याच जाड निबाने.
दादाने कागद लांब धरून वाचला. अक्षर अजून छान आहे तुझं, म्हणाला.
जिना उतरताना त्याला हात दिला. घेतला त्याने.