चिमणी सांभाळायला

सोमवार, ३ फेब्रुवारी

वडवणीहून सकाळच्या एस.टी.नं बीड, तिथून पालीला आले. नातू हरिओम फाट्यावर उभाच होता. पाया पडला, गाठोडं घेतलं. तलावाकडच्या अंगाला एकटंच घर, पण पक्कं हाय. चिमणी सांभाळायला ये, आज्जी, असा त्याचा फोन आला अन मी मेंढरं शेजारच्या धुळाजीच्या हवाली करून निघाले. चिमणी म्हंजे त्याची लेक आरोही, पाच वर्षांची. तिच्यासाठी घारग्या आणल्यात. ती आईसंगं, सुकन्यासंगं, तिच्या माहेरी कड्याला गेलीय, येईल म्हणला. ही वही त्यानंच दिली. रोज काय वाटतं ते लिहीत जा म्हणला. शाळा माझी दुसरीपर्यंतची, पण शिकलेला नातू मागतोय तर लिहिते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चिमणी घावली. मागल्या शेडात काचेची टाकी, त्यात खारं ऊन पाणी, मधोमध काळ्या दगडाचं बोटभर नळकांडं. टोकातून काळा धूर सोडतंय, पाण्यात! ह्यालाच चिमणी म्हणतात म्हणं. म्या म्हणलं, मेल्या, ह्या दगडासाठी माझी मेंढरं सोडाय लावलीस व्हय? हसला.

मग हौसेनं सांगत बसला. समुद्राच्या तळाला भेगा हायेत. पाणी आत शिरतं, तापतं, आपल्याजवळचं काही दगडाला देतं अन दगडातलं लोखंड घेऊन वर येतं. कोटभर वर्षांत सगळा समुद्र असा गाळून निघतो. पाण्यात कोणता खार किती, ते बरंचसं तिथंच ठरतं. तिथला दगड अन आपल्या डोंगराचा काळा दगड एकाच जातीचा, म्हणून इथं मांडलंय. माझं काम एवढंच, खपली चढली की हातानं पुसायची. तेवढंच सांधे शेकतील म्हणला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोटांची ठणक गेली. ठणकच काय, काहीच कळत न्हाई. भाकर करताना हात तव्याला टेकला, मला वासानं कळलं. नखं काळी पडलीत. ती चिमणी मात्र वीतभर झाली. हरिओम ताटात तुपाची धार धरतो, बाजाराआधी मेंढी चारावी तसा. आरोही काहून आली न्हाई विचारलं तर म्हणला, तिची वेळ आली की आणतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वहीत मागं बघितलं. 'काहीच कळत न्हाई' खाली लाल रेघ. 'नखं काळी' खाली बी. मी मारली न्हाई.

करंगळी मेणावानी वाकती. आत हाडच लागत न्हाई. चिमणीला फाटे फुटलेत, पाच. त्यांना पेरं हायेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शेडात भिंतीवर त्याचा कागद. अक्षर इंग्रजी, पण आकडे कळतात, मेंढरं मोजण्यात जन्म गेला. ७१. माझं वय. पुढं रोजचे आकडे, उतरत आलेले. त्याच्याखाली ५. पुढं मोकळं.

वाचतोयस ना, हरिओम? तुझी आई गेली तवा ह्याच हातांनी तुला बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. मार इथं बी रेघ.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळीच गाडी काढली. लेकीला आणतो म्हणला. मला शेडात घालून बाहेरून कडी—

टाकी फोडाया दगड उचलता येईना— बोटं धरीत न्हाईत— पेन्सिल दातात धरलीय—

टाकीला खांदा दिला. काच हलत न्हाई. परत—

सुकन्या, वही तुला घावली तर लेकीला हितून—

गाडी वाजली. आरोहीच. हसती. कडी निघाली. त्याचा आवाज, लई मऊ. आत जा म्हणतोय, पणजी बोलावतीय, बाही वर कर—

म्या न्हाई बोलावलं. बाळे, म्या— ओरडायचं तर पेन्सिल सोडावी ला—