शेळगावची शेड कोणाकडे जावी

मी, लीलाबाई मानसिंग घोरपडे, वय ६१, राहणार पणदरे, तालुका बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट, लिहू नको म्हणून दोघे मागे लागले होते.

१. पणदऱ्याचे राहते घर व ऊस मुलगा दिग्विजय याला. माझ्या खोलीचा हिरवा रंग त्याने खुशाल बदलावा.

२. माझ्या शाळेची, कॉन्व्हेंटमधली पितळी घंटा नात श्रेया हिला. सिस्टर ती वाजवून आमची नखे तपासत. त्या व्हरांड्यातला मेणाचा वास आठवला की मी अजून दहा वर्षांची होते.

३. दीर सर्जेराव यांना द्राक्षांची एक रिकामी पेटी. १९९१ साली शेड बांधताना ते म्हणाले होते, "वहिनी, मेंढरामागच्या बायका विलायतेला द्राक्षं धाडणार व्हय? त्यापरीस मेंढरंच धाडा." पेटीवर लंडनचा पत्ता आहे. भाऊजींनी चष्मा लावून वाचावा.

४. शेळगावची द्राक्षांची पॅकिंग शेड दिग्विजयला नाही. त्याला ती पाडून पेट्रोल पंप काढायचा आहे. शेड बानूबाई सिद्धू कोळेकर हिला. कारण लिहिणे भाग आहे.

पुण्याहून पाहुणे येत, फोटो काढत, खाजगी उद्योगाने गरिबी हटते असे भाषण करत. हटते. शेळगावात चाळीस घरांवर नवा पत्रा चढलेला मी पाहिला आहे. पत्र्याखाली काय चालते ते पाहायला मी गेले नाही.

परदेशी गिऱ्हाइकाची अट होती, पॅकिंगच्या टेबलावर कोणाच्या हातात काचेच्या बांगड्या नकोत, काच पेटीत पडते. बायका थबकल्या. बानू म्हणाली, "मालक जिता हाय माझा, बाईसाब."

मी म्हणाले, "मालक पितो. पेट्या तू भरतेस."

मानसिंगराव जाऊन पाच वर्षे झाली होती. माझे हात मोकळेच होते. मला सांगणे सोपे होते. आधी बानूने बांगड्या उतरवल्या, मग सगळ्यांनी. निमगावच्या बाजारात कोणी सिद्धूला हसले, "जित्तेपणीच बायकू रांडवली की रं." त्याने घरी येऊन तिचा उजवा हात पाट्यावर धरला आणि वरवंट्याने तीन बोटे मोडली.

दवाखान्याचा खर्च मी दिला. बोटांनी घड उचलवेना, म्हणून तिला अर्ध्या मजुरीवर झाडलोटीला लावले. सहा हंगाम ती झाडते आहे. मला ते उपकार वाटत होते.

५. सिद्धूला शेडवर राखणदार ठेवावे आणि दर शनिवारी त्याने सगळ्या बायकांसमोर बानूच्या हातून पगार घ्यावा, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. लिहिताना मला गोड वाटले. बानूला वाचून दाखवले.

"त्येला काम नगा दिऊ, बाईसाब. पगार घिईल, पिईल, अन् गावात सांगंल, मी कमावतो."

"मग काय देऊ?"

"काय नगं. घरच्या उंबऱ्यात बसू द्या. मी किल्ल्या घिऊन जाताना रोज बघंल त्यो."

सबब ते कलम रद्द. सिद्धूला शेडवर कधीही, कोणत्याही मजुरीवर घेऊ नये. तो पाया पडला तरी. बानूचे मन विरघळले तरीही.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : १४ ऑक्टोबर १९९७

सही : लीलाबाई मानसिंग घोरपडे

आमच्यादेखत सही केली :
१. आप्पासाहेब कोकरे, निवृत्त शिक्षक, पणदरे (सही)
२. गोजरबाई तात्याबा मदने, शेळगाव (अंगठा)