संत्र्याच्या दारूचा पहिला पेला

आई, आज थोरल्या नातवानं अंगणात मटण भाजलं. बाजारातून पायांवर उभी राहणारी जाळीची पेटी आणली आहे, खाली कोळसा, वर मांस, आणि याला बार्बेक्यू म्हणतात असं तो मलाच समजावून सांगत होता. मी म्हटलं, हो का, नवीनच ऐकते! त्याच्या एका मित्रानं घरी मुरवलेली कसलीशी केशरी दारू आणली होती. पेले भरले, आणि सगळ्यांनी एकदम तोंडाला लावले. एकानंही आधी पिऊन बघितली नाही. मी पदर तोंडाला लावला. सून म्हणाली, धूर लागला का? मी हो म्हटलं आणि आत येऊन बसले. त्या पोरांना काही झालेलं नाही, अजून त्यांचं हसणं ऐकू येतंय. तरी उद्या सकाळी सगळे धडधाकट उठलेले बघितल्याशिवाय माझा जीव काही जागेवर येणार नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा दारूचा वासही मला ठाऊक नव्हता. माझे वडील तिसगावला मिशनच्या शाळेत मास्तर. दर रविवारी ते दारूच्या विरोधात बोलायचे आणि आम्ही बहिणी खाली बघून ऐकायचो. तुमचंही घर ख्रिस्ती, तेवढं बघून त्यांनी मला दिली. राहात्याच्या अलीकडे हमरस्त्यावर तुमची पत्र्याची खानावळ आहे हे त्यांना माहीत होतं. तिच्या मागच्या खोलीत काय मुरतं, हे मात्र नाही. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला आत्याबाई म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "आत्याबाई-बित्याबाई न्हाई. आई म्हन. आन हात धुऊन ये, कांदा चिरायचाय." झालं माझं स्वागत. पाटाच्या पाण्यानं हिरवागार झालेला तो मुलूख मला आमच्या पाथर्डीकडच्या माळापुढे स्वर्ग वाटला होता, आणि खरं सांगते, तुमच्या हातचं खाल्ल्यावर वडिलांची सगळी प्रवचनं मी विसरले.

लोखंडी शिगेवर मटण भाजायला तुम्ही मला शिकवलंत ते शिव्या देऊन. आदल्या रात्री मांसाला कच्ची पपई, लसूण, मिरची आणि घरचा काळा मसाला चोळून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बाभळीचे निखारे पाडायचे. मी घाई करायची, फुंकर मारायची. तुम्ही पाठीत धपाटा घालायचात. "फुकू नगं. राख उडून मांसावर बसती. निखाऱ्यावर पांढरी साय धरू दे, मंग शीग ठेव. जाळ दिसला का मांस करपतं, शिजत न्हाई." नगरला बाजाराला गेलो की तुम्ही मला दुसऱ्यांच्या खानावळीत घेऊन जायचात. दोन बायका मटणाच्या खानावळीत बाकावर येऊन बसल्या की पुरुषमाणसं जेवायची थांबायची. तुम्हाला त्याचं काही नाही. ताट आलं की म्हणायचात, "आदी वास घे. काय काय हाय सांग. मंग खा." मी डोळे मिटून सांगायची, धने, दगडफूल, खोबरं. तुम्ही हसायचात, कारण मी अर्धं चुकायची. तुमचं मात्र कधी चुकलं नाही. तेल कालचं की परवाचं, हेसुद्धा तुम्ही ताटावर वाकून सांगायचात. तुमच्या त्या नाकाबद्दल मी पुढे किती विचार केला आहे, ते तुम्हाला माहीत नाही.

मागच्या खोलीतल्या चिनीमातीच्या बरण्यांचा नेम तुमच्या वडिलांचा होता. ते नगरच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांकडे खानसामा. संत्र्याच्या साली, लवंग, साखर आणि चांगली जळजळीत दारू घालून ते साहेबासाठी गोड पेय मुरवायचे, आणि साहेब पहिला पेला त्यांनाच प्यायला लावायचा. विषबाधेची भीती. खानसाम्यानं भिंतीला टेकून उभं राहायचं आणि साहेबानं त्याच्याकडे बघत बसायचं. मला ते ऐकून संताप आला होता. तुम्ही म्हणालात, "राग कसला? त्याला फुकटात मिळायची की." पण मग गंभीर होऊन म्हणालात, "म्हनूनशान आपल्यात नेम हाय. ज्यानं केली त्यानं पहिला पेला घ्यायचा, तळापत्तुर. आन मधी एक रात जाऊ द्यायची. वाईट दारू रातीतनं बोलती." नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही पहिला पेला घ्यायचात, आणि नाताळच्या दुपारी, उपासना उरकून पाहुणे आले की बरणी सगळ्यांसाठी उघडायची. उन्हाळ्यात पेरूचा रस, लिंबू आणि तिखट-मीठ घालून केलेला पेला निराळाच. तो मला फार आवडायचा. दारूबंदी होती, परवाने होते, पण कोणी विचारलं तर आपल्या घरात ते औषध होतं.

दारू यायची भंडारदऱ्याकडून. तिकडचा एक म्हातारा हिरडा विकायला खाली उतरायचा आणि त्याच्या ओझ्यात मोहाची दारू असायची. बहात्तर साली तो आला नाही. पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली होती, आणि तोही कुठेतरी तिकडेच गेला असणार. पाट कोरडा पडला. पेरूच्या आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोक त्या तोडून सरपण म्हणून विकायला लागले. बाभळीऐवजी आपण ते लाकूड घेतलं. चारा नाही म्हणून बकरी मिळेल त्या भावात विकली जात होती. आई, लिहायला लाज वाटते, पण त्या वर्षीच्या मटणासारखं मटण मी पुन्हा खाल्लं नाही. मेलेल्या बागांच्या निखाऱ्यावर त्याला असा काही गोडसर वास यायचा की ट्रकवाले लांबून ओळखून गाडी थांबवायचे. तुम्ही एकदा घास तोंडाजवळ नेऊन परत ताटात ठेवलात आणि म्हणालात, "एवढं चांगलं लागू न्हाई." मी मात्र खात राहिले.

दिवाळी झाल्यावर तो ट्रकवाला आला, नेहमीचा, तुम्हाला मावशी म्हणणारा. त्या वर्षी संत्र्याची दारू होणार नाही असं तुम्ही त्याला बोलता बोलता सांगितलं होतंत. त्यानं पत्र्याचा डबा आणून ओट्यावर ठेवला. "मावशे, तिकडं रंगाच्या कारखान्यात माल टाकतो मी. तिथल्या मानसानं दिलं. एकदम चोख स्पिरिट हाय. मी बी घरी नेतोय एक डबा. नाताळाला येतो, माझा पेला ठिवा." त्याला तुम्ही दोन शिगा जास्त वाढल्यात. मग तुम्ही मला बोलावून म्हणालात, "औंदा तू कर. समदी तूच. मी हात लावनार न्हाई." मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

पारख करायची रीत तुमचीच. पळीत थोडी दारू ओतायची आणि काडी लावायची. निळी जळली तर खरी, पिवळी किंवा लाल जळली तर भेसळ. आपण अंगणात उन्हात बसलो होतो. मी काडी लावली आणि पळीत काही दिसेना. मला वाटलं, विझली. तुम्ही पळीवर हात धरलात आणि झटकन मागे घेतलात. "जळतीया," तुम्ही म्हणालात. "पर दिसंना." आपण दोघी त्या पळीकडे बघत राहिलो. नुसती हवा थरथरत होती. मी म्हटलं, "इतकी चोख आहे आई, की ज्योतसुद्धा स्वच्छ." पिवळं नव्हतं, लाल नव्हतं, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे दारू पास झाली. आज शाळेतलं पोरही सांगेल की लाकडाचं विषारी स्पिरिट, मिथेनॉल, असंच जळतं, उन्हात त्याचा जाळ दिसत नाही. आपल्याला कोण सांगणार? तुम्ही डब्याच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणालात, "वास कमी हाय हिला." आणि उठून आत गेलात.

मी साली सोलल्या, पांढरं सगळं खरवडून काढलं, लवंगा मोजक्या घातल्या, बरणीला फडकं बांधून ती फळीवर ठेवली. रोज जाऊन हलवायची, हुंगायची. त्या काही आठवड्यांत ट्रकवाला फिरकला नाही. आधी तो आठवड्याला एकदा तरी थांबायचा. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या ड्रायव्हरांना तुम्ही विचारलंत; कोणी म्हणालं गावी गेलाय, कोणी म्हणालं रस्ता बदललाय. तुम्ही दुपारी पायरीवर बसून रस्त्याकडे बघायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला त्याची काळजी आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी मलमलच्या फडक्यातून दारू गाळली. रंग असा सुरेख आला होता की मी तुमच्या मुलाला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, आईपेक्षा चांगली झाली. मी छोटा पेला भरला. तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात.

"हिकडं दे."

"आई, मी केली आहे. नेम काय आहे आपला?"

"नेम माझ्या बापाचा हाय. मला नगं शिकवू. दे हिकडं."

माझ्या हातातून तुम्ही तो पेला काढून घेतलात. खूप वेळ हुंगलात, नगरच्या खानावळीतसुद्धा कधी इतका वेळ हुंगलं नव्हतंत. एकदा माझ्याकडे बघितलंत. मग तळापर्यंत प्यायलात आणि पेला पालथा ठेवलात. "ग्वाड झालीया," म्हणालात. "सकाळपत्तुर कुनी हात लावायचा न्हाई." मला इतका राग आला! इतके दिवस धपाटे खाऊन शिकले, आणि ऐन वेळी माझ्यावर भरवसा नाही. रात्री मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून लवकर आडव्या झालात, तेव्हा मी विचारपूससुद्धा केली नाही.

सकाळी मी चुलीपुढे होते. दार सताड उघडं, ऊन आत चुलीपर्यंत आलेलं, पाखरं ओरडत होती. तुम्ही अंथरुणावर उठून बसलात आणि म्हणालात, "अजून उजाडलं न्हाई का गं?"

मला आधी वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी म्हटलं, "आई, ऊन अंगावर आलंय तुमच्या."

"मंग धुकं पडलंय का?"

"नाही."

तुम्ही हात पुढे करून बोटं हलवलीत, चेहऱ्याजवळ आणलीत. मग अगदी नेहमीच्या आवाजात विचारलंत, "बरनी कुठं हाय? कुनाला दिली का?" मी नाही म्हटलं. "आदी ती वत. शेनाच्या खड्ड्यात वत, जनावरं तोंड घालनार न्हाईत अशी. बरनी फोड. मंग माझ्याकडं ये." मी तसंच केलं. बरणी फोडली तेव्हा संत्र्याचा तो गोड वास अंगणभर पसरला होता. उपासनेला जाणारी माणसं नवे कपडे घालून रस्त्यानं चालली होती आणि लांबूनच हात करत होती. दुपारी तीच सगळी आपल्याकडे जेवायला येणार होती.

तुमच्या मुलानं रस्त्यात उभं राहून ट्रक थांबवला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ब्रँडीची सीलबंद बाटली मागवली. या विषावर चांगली दारू हाच उतारा, म्हणाले. त्यांनी पेला तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं का? "आदी तुमी प्या, डागदर." ते बिचारे हसले. मी दाराशी उभी राहून रडत होते. जीव वाचला तुमचा. डोळे गेले ते गेलेच. त्या ट्रकवाल्याचं काय झालं, ते कोणी कधी सांगितलं नाही, आणि आपण विचारायचंही सोडून दिलं.

त्यानंतर किती वर्षं तुम्ही होतात. निखाऱ्याजवळ बाजेवर बसून नुसत्या आवाजावर सांगायचात, चरबी ठिबकायला लागली, आता पलट. मसाला कमी पडला तर वासावर ओळखायचात. लोकांना मी अभिमानानं सांगत आले, आजही सांगते, की माझ्या सासूनं माझ्यासाठी तो पेला घेतला. पण आई, मला ते माहीत नाही. तुम्हाला वास आला होता का? आला होता तर ओतून का नाही टाकलीत? का तुमच्या वडिलांप्रमाणे, प्यायल्याशिवाय खात्री करायची दुसरी वाटच तुम्हाला ठाऊक नव्हती? आणि नसेलच आला, तर मग माझ्या हातची चव आधी बघायची एवढीच तुमची हौस होती? दोन्ही गोष्टी मला सहन होत नाहीत.

एकदाच तुम्ही विषय काढलात. संध्याकाळी मी मटण भाजत होते, जवळ कोणी नव्हतं. तुम्ही माझ्या दिशेला तोंड करून म्हणालात, "त्यो पेला तुझा हुता." आणि थांबलात. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत राहिलात. मला उमजलं होतं की आता विचारलं तर तुम्ही सगळं खरं सांगाल. मी म्हटलं, "आई, शिगा पलटू का?"

तुम्ही म्हणालात, "पलट."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, घरात कोणाला दाखवायचेही नाहीत. फक्त एवढं कबूल करते की त्या संध्याकाळी मी विचारायचं विसरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. तुम्ही 'व्हय, ठावं हुतं' म्हणाल्या असतात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा हात धरून तुमच्या बोटांत चहाची कपबशी देणं मला जमलं नसतं.