सहा उंदरांचे डावे पाय

३ मार्च
आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. लॅबच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सहा उंदरांत औषध नीट पोचलं तर करार वाढेल, नाही तर लॅबला रामराम. काम सोपं आहे. उंदरांचा डावा पाय दुखरा केलेला असतो. बेशुद्ध करून पाठ उघडायची, मणक्याचं हाड किंचित कोरायचं. खाली वेदनेच्या नसांची मोहरीएवढी गाठ. तिच्यात काचेच्या सुईने वेदना थांबवणारं औषध. हात स्थिर हवा. माझा आहेच.

६ मार्च
दोन सुया मोडल्या. काचच हलकी. शिवाय खुर्ची कुरकुरते.

९ मार्च
टेक्निशियनताईंनी विचारलं, औषध गाठीत गेलं की शेजारच्या मांसात? म्हटलं, पंधरा वर्षं यात घालवलीत मी. उद्यापासून कॉफी बंद. हातासाठी.

१० मार्च, सकाळी ११
कॉफी घेतली. एकदम सोडली तर हात जास्त थरथरतो म्हणे.

१४ मार्च
सहाही उरकले. बायकोने विचारलं, आनंद नाही का झाला? झाला असावा. मग म्हणाली, हल्ली तुला कशाचंच काही वाटत नाही. दमलोय, दुसरं काय.

१७ मार्च
चाचणी. तळव्याला ताठ धागा टोचायचा, दुखलं तर उंदीर पाय उचलतो. एकानेही उचलला नाही! माझी पद्धत: जखम दुखू नये म्हणून आधी पाठीच्या जखमेत खोलवर बधिर करणारं औषध (मी हळवा, दोन थेंब जास्तच), मग लगेच चाचणी. पिंजरा एकदाच उघडायचा. इतरांना हे कसं सुचलं नाही?

२१ मार्च
पाच दिवसांत एकही पाय वर नाही. मॅडमना मेल केला. 'अभूतपूर्व' हा शब्द घातला. ताईंनी विचारलं, चाचणी बधिर करायच्या आधी की नंतर? नंतर, म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. छाप पडली असणार.

२४ मार्च
मॅडमनी स्वतः चाचणी घेतली, बधिर न करता. सहाही उंदरांनी पाय उचलले. एकाने तर धागा लागायच्या आधीच. माणसं बघून बावरतात बिचारे. मॅडम म्हणाल्या, गाठी काढून बघू. औषधात निळा रंग असतो, कुठे गेलं ते कळतं. बरंच झालं. आता पुरावाच मिळेल.
भीती वाटतेय, हे इथे लिहून ठेवतो.

२७ मार्च
सहाही गाठी पांढऱ्याफटक. निळा सगळा मांसात.
करार संपला. उद्यापासून ऑपरेशनं ताई करतील. मॅडम म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. नाही घेतलं.
घरी सांगितलं. बायको रडायला लागली. मलाही रडू येईल असं वाटून थोडा वेळ तिच्याशेजारी बसून राहिलो. नाही आलं. मग जेवलो.