वही बघून घेतलेलं माप

दहिवडी,
६ डिसेंबर

चि. अर्शिया हिस,
भाईचे अ. आ. आणि अम्मीची दुआ. वि. वि.

तुझे पत्र आणि ताऱ्यांचा नकाशा दोन्ही मिळाले. घडीवर नकाशा फाटू लागला होता, म्हणून मागून अस्तराचे कापड चिकटवले आहे. रविवारी वसतिगृहात तुम्हाला फोन मिळतो तो पाच मिनिटांचा, आणि ती पाचही मिनिटे अम्मी तू काय जेवलीस हेच विचारते. म्हणून कामाचे सगळे पत्रातच लिहितो.

दुर्बीण सुभेदार लालासाहेबांनी दिली. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय डोळ्याला लावायची नाही, ही अट. वर म्हणाले, "आयुष्यभर ह्यातनं दुश्मन बघितला गड्या. तू तारं बघ. त्ये तरी गोळी घालत न्हाईत."

मला समजले ते लिहितो, चुकले असेल तर कळव. ययाती तारकासमूहातला आपला तारा एक दिसतो पण दोन आहेत. एक मोठा, तापलेला. दुसरा मेलेल्या ताऱ्याचा गोळा, एखाद्या शहराएवढा, पण वजनाला सूर्याहून जड. मोठ्याभोवतीचा वायू हा धाकटा ओढून घेतो, आणि तो वायू पडताना क्ष-किरण निघतात. ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, उपग्रहच मोजतो. आपण मोठ्याचा उजेड कमी-जास्त होतो का ते बघायचे, आणि तुमच्या विज्ञानाच्या पूजा मॅडम त्याची सांगड उपग्रहाच्या आकड्यांशी घालणार.

काल आठ वाजता गच्चीवर गेलो. शेजारचे दोन तारे नकाशावर ६.० आणि ६.८ आहेत, आपला त्यांच्या मधला. मी ६.३ लिहिला. आकडा मोठा तेवढा तारा मंद, हे तीनदा वाचून घेतले.

नववीतून शाळा सुटल्यापासून सात वर्षांत माझी वही कोणी मागितली नव्हती. हिला खाकी कागदाचे कव्हर घातले आहे.

थंडीत कानटोपी घाल. लोभाला उसवण नको.

तुझा भाई,
नियाज

पाचगणी,
९ जानेवारी

ती. भाईस,
अर्शियाचा सलाम वि. वि.

वहीची पाने मिळाली. चौतीस रात्री. आमच्या वर्गात कोणाच्याच घरी असा भाऊ नाही. आम्हाला गच्चीवर फक्त शनिवारी सोडतात, तेही समोरच्या हॉटेलाच्या रोषणाईत डोळे बारीक करून. त्यामुळे आमच्या जेमतेम पाच रात्री झाल्या.

आता जे लिहिते त्यावर रागावू नकोस. मॅडमनी दोन्ही आकडे एका कागदावर मांडले. आमच्या शनिवारी तारा हळूहळू मंद होत गेलाय, ६.३ वरून ६.६ पर्यंत. तुझा मात्र पहिल्या रात्रीपासून ६.३, नाहीतर ६.४. मॅडमनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुझा भाऊ रोज खरंच वर जातो, की एखाद्या दिवशी घरी बसून वही भरतो. मी त्यांना म्हटलं, माझा भाऊ काजाचा एक टाका चुकला तर पूर्ण काज उसवतो. त्या हसल्या, पण प्रश्न मागे घेतला नाही.

साताऱ्याला पाच फेब्रुवारीला आमच्या प्रकल्पाचं सादरीकरण आहे. निदान तीस रात्रींची निरीक्षणं लागतात. तुझ्याशिवाय आमच्या तीस होत नाहीत. तू रोज स्वतः वर जाऊन बघितलंस, एवढं एका कागदावर लिहून सही करून पाठव. मग मॅडम तुझे आकडे घेतील. आमच्या रोषणाईमुळे आमचंच चुकलं असेल, असंही त्या म्हणाल्या. अकरावीतून मी एकटीच निवडली गेलेय, भाई. मला फार जायचंय.

अम्मीला सांग, इथली आमटी आता बरी असते. सलामाबरोबर थोडी माफीही मोजून घे.

तुझी,
अर्शिया

दहिवडी,
१३ जानेवारी

चि. अर्शिया हिस,
अ. आ. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. चौतीसही रात्री मी स्वतः वर गेलो. अम्मी जिन्याच्या तोंडाशी शेगडी घेऊन बसायची, तिचाही अंगठा घेतला असता, पण तिला सही येते आणि ती चिडली आहे. म्हणते, जाते मी पाचगणीला, विचारते बाईला.

मी चिडलेलो नाही. फक्त दोन दिवस वर गेलो नाही.

इकडे सगळे ठीक.

भाई

दहिवडी,
२० जानेवारी

चि. अर्शिया हिस,
भाईचे अ. आ. वि. वि.

हे पत्र मिळताच आधी मॅडमना दे, मग माझ्यावर रागव.

शुक्रवारी सुभेदार नव्या जाकिटासाठी आले. घालून बघितले तर बगलेत पोते. भर दुकानात म्हणाले, "आरं नियाज, ह्ये माझं हाय का माझ्या म्हशीचं?" मी म्हणालो, माप बरोबर आहे, छाती चाळीस, वहीत लिहिलेले आहे. त्यांनी टेप स्वतःच्या हाताने छातीवर धरली. सदतीस. साखर निघाल्यापासून सून त्यांना मोजून भाकरी देते, हे गावाला माहीत आहे. मलाही होते.

आणि अर्शिया, पंधरा दिवसांपूर्वी मीच टेप लावून त्यांचे माप घेतले होते. शिवणकामाच्या उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे आधी मापाची वही उघडली, जुना आकडा वाचला, मग टेप लावली. टेपेवर सदतीस दिसलेच असणार. पण वहीत चाळीस होते, तेव्हा वाटले म्हातारा श्वास धरून उभा आहे, आणि मी चाळीस लिहिले.

रात्री गच्चीवर जाताना माझा हात आपोआप खाकी वहीकडे गेला. रोज जायचा. कालचा आकडा बघायचा, मग तारा बघायचा. तारा मंद वाटला तर मन म्हणायचे, काल तर ६.३ होता, थंडीने हात हलला असेल. मग तो ६.३ वाटेपर्यंत बघत राहायचो.

मी खोटे लिहिले नाही. पण पहिली रात्र सोडली तर मी तारा बघितलाच नाही, वही बघितली. त्या तेहतीस रात्री काढून टाक. सहीचा कागदही परत मागून घे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, तरी तो देता येणार नाही.

आता रोज आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून अम्मीकडे देतो. ती ट्रंकेत टाकते आणि किल्ली कमरेला. तीन रात्रींच्या चिठ्ठ्या सोबत आहेत, मी उलगडून बघितलेल्या नाहीत.

साताऱ्याचे काय होणार ते मला समजते. तीन दिवस हे पत्र लिहायचे टाळले, तेही तुला माहीत असू दे. मॅडमना प्रकल्पात माझे नाव ठेवायचे नसेल तर ठेवू नये. चिठ्ठ्या मात्र टाकू नयेत.

माया कमी करू नकोस, हे मागायला आज जड जाते.

नियाज

पाचगणी,
२९ जानेवारी

ती. भाईस,
सलाम वि. वि.

साताऱ्याला जायचं रद्द झालं. हे सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे तू शेवटपर्यंत शोधत बसणार नाहीस.

तुझं पत्र मी एक दिवस उशीखाली ठेवलं. वाटलं, तारीख निघून जाऊ दे, मग देईन. मॅडमकडे तुझा सहीचा कागद होताच. त्या दिवशी मी तुझ्याशी मनातल्या मनात खूप भांडले. तुला कोणी विचारलं होतं, असंही म्हटलं. मग वाटलं, तू तीन दिवस थांबलास, मी एक. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

मॅडमनी ते उभ्यानेच वाचलं. तुझं शिक्षण विचारलं. मग तक्त्यावरचे तुझे तेहतीस ठिपके त्यांनी माझ्यासमोर एकेक करून पुसले, आणि मला रडू आलं. चिठ्ठ्या उलगडल्या. ६.६, ६.७, ६.६. त्या तीन रात्रींतल्या शनिवारी आमचा ६.६ आला होता, तो आम्ही तुला कळवलेला नव्हता.

पहिली रात्र आणि या तीन असे तुझे चार ठिपके ठेवलेत. निरीक्षकाच्या रकान्यात तुझं पूर्ण नाव आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज करू, असं मॅडम म्हणाल्या. तोपर्यंत मी बारावीत असेन आणि मला सोडणार नाहीत, ते त्यांनाही माहीत आहे.

मला अजून वाईट वाटतंय. पण तुझ्याबद्दल नाही. अम्मीला हे सांगू नकोस.

चिठ्ठ्या येऊ देत.

तुझी,
अर्शिया

दहिवडी,
४ फेब्रुवारी

चि. अर्शिया हिस,
अ. आ. वि. वि.

पत्र चार वेळा वाचले. अम्मीला सांगितलेले नाही.

काल सुभेदारही वर आले. नवे जाकीट घालून, आता बसते. दुर्बीण आधी मी घेतली, मग त्यांनी. चिठ्ठ्या वेगळ्या लिहिल्या, पण खाली उतरताना त्यांनी स्वतःचा आकडा सांगून टाकला. त्यांचा ६.६. माझा ६.४. मला तारा सावरून पुन्हा उजळल्यासारखा वाटला होता. लगेच मनात आले, फौजेतली नजर आहे, त्यांचेच बरोबर असेल. मी आकडा बदलायला चिठ्ठी परत मागायला अम्मीकडे गेलो.

तिने किल्ली दिली नाही. सुभेदार जिन्यातूनच म्हणाले, "तुझं चुकलं असंल, न्हाईतर माझं. तुला काय कराचंय? दोनी जाऊ द्येत."

दोन्ही चिठ्ठ्या सोबत आहेत.

तुझा भाई,
नियाज